वीस गाणी, साल १९५७

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

आमच्या रविवारच्या मंडळींनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला १९५७ आलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एका सालातली हिंदी सिनेमाची वीस गाणी ऐकायची, मध्ये चहा, असा गेल्या दोन वर्षांचा क्रम. यंदा पितृपक्ष आणि गणपतीमुळे सप्टेंबरची बैठक रद्द, म्हणजे माझी पाळी ६ ऑक्टोबरला. सहा आठवडे हातात आहेत. एवढा वेळ मिळाला की काम बिघडतं, हा बँकेतल्या नोकरीतला अनुभव.

मी मनातून खूश. १९५७ म्हणजे 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया'. डोळे मिटून वीस निघतील. रात्री जेवण झाल्यावर नुसत्या आठवणीने लिहायला बसलो तर त्रेचाळीस निघाली.

नियम ठरवले: एका सिनेमाची जास्तीत जास्त दोन गाणी. "महत्त्वाचं" म्हणून एकही घ्यायचं नाही, आवडतं म्हणूनच घ्यायचं. शक्य तिथे मूळ तबकडीवरून वाजवायचं.

२६ ऑगस्ट, सोमवार

त्रेचाळीसातली नऊ तोतया निघाली. 'सुहाना सफर' आणि 'आजा रे परदेसी' दोन्ही १९५८ची. 'हाल कैसा है जनाब का' तेही १९५८. 'ये रात भीगी भीगी' आणि 'लेके पहला पहला प्यार' १९५६. म्हणजे डोक्यात जे '५७ होतं ते खरं तर तीन वर्षांचं मिळून एक गाठोडं होतं. राहिली चौतीस.

पुण्याहून मुलीने फोनवर बसून शीट करून दिली. रकाने: गाणं, सिनेमा, गायक, संगीतकार, लांबी, तबकडी आहे/नाही, शेरा. "अजून काही हवंय का, बाबा?" म्हणाली. म्हटलं, पुरे. (ही चूक होती. पुढे १९ सप्टेंबर पाहा.)

३० ऑगस्ट, शुक्रवार

फडताळातल्या तबकड्या काढल्या. १९५७च्या अकरा. त्यातली एक मधोमध तडकलेली, एकीवर कुणीतरी कपबशी ठेवल्याचं वर्तुळ. लाखेच्या या तबकड्या दिसायला दणकट, पण हातातून सुटल्या की कौलासारख्या फुटतात.

सकाळभर सहा बाजू लॅपटॉपवर उतरवल्या. ऐकलं तर सगळ्यांत भजी तळल्याचा आवाज. तबकडी खराब म्हणून अर्धा तास हळहळलो. मग लक्षात आलं की सुई एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची, लावली आहे. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्यांच्या, खाचेला जाड टोकाची सुई लागते, इंचाच्या तीन हजारांश भागाएवढी. एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, ती खाचेच्या तळाशी जाऊन कचराच उकरत बसते. माझ्या प्लेअरच्या कार्ट्रिजला दोन्ही सुया आहेत, नुसती कळ फिरवायची होती. सहाही बाजू पुन्हा.

दुसरी भानगड वेगाची. 'कौन आया मेरे मन के द्वारे' पेटीवर धरलं तर इंटरनेटवरच्या प्रतीपेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली. खोटं कोण? रेषांची चकती तबकडीवर ठेवून दिव्याखाली पाहिली, वेग बरोबर असेल तर रेषा स्थिर दिसतात. दिसेनात. कारण खोलीत एलईडी. त्याची उघडझाप या कामाला चालत नाही. शेवटी प्लेअर उचलून स्वयंपाकघरात नेला, तिथे अजून चोकवाली जुनी ट्यूब आहे. प्लेअरच हळू फिरत होता. स्क्रू पाव फेरा.

४ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर 'प्यासा'. दोनच गाणी घ्यायची हा नियम मीच केला आणि आज मलाच नडला.

'ये दुनिया अगर मिल भी जाये' घेतलं नाही तर मंडळी मला घरी जाऊ देणार नाहीत. पण नियम म्हणजे नियम: आवडतं ते. आणि मला मनापासून विचारलं तर त्या सिनेमात मी सगळ्यांत जास्त वेळा परत जातो ते हेमंतकुमारांच्या एकुलत्या एका गाण्याकडे, 'जाने वो कैसे लोग थे'. रफींची गाणी विजयचा, त्या सिनेमातल्या कवीचा, संताप सांगतात. हे गाणं तो प्रकाशकाच्या घरच्या मेजवानीत म्हणतो, जिथे त्याला पाहुणा म्हणून नव्हे, कामाला बोलावलंय. समोर जुनी प्रेयसी, आता त्या मालकाची बायको. ओरडायची सोय नाही. म्हणून तो आवाज हवा होता, खर्जातला, जरा जड, तक्रारही अदबीने करणारा. संगीतकार सचिनदा बर्मननी वाद्यं बेताची ठेवली आहेत. प्रत्येक ओळ संपली की क्षणभर काहीच होत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत बाई ऐकतेय हे कळतं.

दुसरं 'जाने क्या तूने कही'. गीता दत्त. रद्दीत गेलेल्या कवितांचा गठ्ठा गुलाबो या वेश्येच्या हाती पडतो, आणि कवीला आपल्याच ओळी रस्त्यावर भेटतात, त्या प्रसंगाच्या पोटातून हे गाणं येतं.

'जिन्हें नाज है हिंद पर' बाहेर ठेवताना हात थरथरला. गीतकार साहिरची ती मूळ नज्म छापील, आणि तिथलं पालुपद भारी फारसी वळणाचं. सिनेमासाठी त्यांनी ते सोपं करून घेतलं. थिएटरात स्वस्त तिकिटावर बसलेल्यालाही कळलं पाहिजे असं केलं, आणि धार कमी होऊ दिली नाही. हे बोलण्यात सांगेन, वाजवणार नाही.

या सिनेमानंतर सचिनदा आणि साहिर पुन्हा एकत्र आले नाहीत. श्रेय सुरांचं की शब्दांचं यावरून बिनसलं असं म्हणतात.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. काम नाही. आरतीनंतर शेजारच्या मंडपात 'ये देश है वीर जवानों का' लागलं. १९५७ पाठ सोडत नाही. गंमत म्हणजे 'नया दौर'मधलं हे गाणं कुणाच्याही वरातीत वाजतं आणि कुणालाच त्यात खटकत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस सार्थकी लागला.

'देख कबीरा रोया'. सिनेमा हलकाफुलका, तीन मुली, तीन मुलगे, कुणाला गायक हवा, कुणाला चित्रकार, कुणाला लेखक, आणि सगळी सरमिसळ. आपली शुभा खोटे आहे त्यात. अशा विनोदी सिनेमाला मदनमोहननी जे संगीत दिलंय ते पाहून वाटतं, हा माणूस भातुकलीच्या खेळात खरे दागिने घालून बसला होता.

'कौन आया मेरे मन के द्वारे' मन्ना डेंचं, रागेश्रीत. 'हमसे आया न गया' तलत महमूदचं, बागेश्रीत. मी दोन्ही शेकडो वेळा ऐकली आहेत, पण एकामागून एक कधीच नाही. आज पेटी पुढ्यात घेऊन बसलो. दोन्ही राग एकाच वाड्यातले. मध्यमावर विसावणारे, धैवत लाडका, कोमल निषाद, पंचमाशी एकाचा संबंध नाही आणि दुसऱ्याचा जेमतेम. मोठा फरक काय तर गंधार. रागेश्रीत शुद्ध, बागेश्रीत कोमल. पेटीवर पांढरी पट्टी सोडून शेजारची काळी.

आणि तेवढ्यात सगळं पालटतं. मन्ना डेंच्या गाण्यात कुणीतरी आलंय, अजून दिसलेलं नाही, नुसती पावलं वाजताहेत. तलतच्या गाण्यात कुणी गेलंच नाही, कुणी बोलावलंच नाही, आणि आता उशीर झालाय. एक दार उघडण्याआधीचं, दुसरं बंद झाल्यानंतरचं. मधे फक्त एक गंधार. मदनमोहननी हे ठरवून केलं असेल की नाही, मला घेणं नाही. बैठकीत दोन्ही लागोपाठ वाजवणार, मधे पेटीवर दोन गंधार दाखवणार. लता मंगेशकरांचं 'मेरी वीणा तुम बिन रोये' त्यासाठी गाळावं लागतंय. अहिरभैरवातलं इतकं देखणं गाणं. नियम करणाऱ्याला पाप लागो.

१४ सप्टेंबर, शनिवार

विट्याला ताईला फोन. ती १९५७ साली बारा वर्षांची, मी दोन. यादी वाचून दाखवली. शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग:

"'जरा सामने तो आओ छलिये' कुठाय?"

म्हटलं, ताई, ते मला तेवढं आवडत नाही.

"तुला आवडायला तू होतास कुठं? लंगोटात होतास."

'जनम जनम के फेरे'मधलं हे गाणं त्या वर्षी बिनाका गीतमालेत, म्हणजे रेडिओ सिलोनवरच्या गाण्यांच्या क्रमवारीत, पहिलं आलं होतं. तेव्हा आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ मज्जाव होता. केसकर नभोवाणी मंत्री होते, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपल्यातलेच. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. त्यांनी सिनेमाची गाणी आवरली आणि अख्खा देश बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनच्या मागे लागला. आमच्या घरी रेडिओ नव्हता. ताई सांगते, कोपऱ्यावरच्या हॉटेलात होता, आत जायची मुलींना बंदी, म्हणून ती आणि तिच्या मैत्रिणी समोरच्या ओट्यावर बसून ऐकायच्या. अमीन सायानींचा आवाज रस्ता ओलांडून यायचा, पण ट्रक गेला की अख्खा अंतरा जायचा. "त्या गाण्याचा दुसरा अंतरा मी लग्नानंतर पहिल्यांदा नीट ऐकला."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवे पैसे आले होते. हॉटेलवाला आण्याचे सहा नवे पैसे धरायचा, की सात, यावर रोज भांडण, हेही तिला आठवतं.

संध्याकाळी गाणं पुन्हा ऐकलं. रफी आणि लता, राग शिवरंजनी. एस. एन. त्रिपाठींची चाल सरळ, कुणालाही म्हणता येईल अशी, आणि हेच मला इतकी वर्षं कमी वाटत आलं. आज ओट्यावर बसून ऐकल्यासारखं ऐकलं. यादीत घेतलं. 'ओ रात के मुसाफिर' बाहेर.

१९ सप्टेंबर, गुरुवार

शीटमध्ये गीतकाराचा रकानाच नाही. बैठकीत साहिरवर दहा मिनिटं बोलायचं ठरवून बसलो होतो, म्हणून पाहायला गेलो की चौतीसात त्यांची किती. रकाना टाकला, नावं भरली, मोजली.

साहिर आठ. सगळी 'प्यासा' आणि 'नया दौर'ची. मजरूह सहा. भरत व्यास तीन. शकील तीन. शैलेंद्र दोन.

राजेंद्र कृष्ण दहा.

पुन्हा मोजलं. दहाच. 'देख कबीरा रोया'ची चार गाणी. 'आशा'तलं 'ईना मीना डीका'. 'शारदा'तलं लता आणि आशाचं 'ओ चाँद जहाँ वो जाये'. 'गेटवे ऑफ इंडिया'तलं 'दो घडी वो जो पास आ बैठे'. 'भाभी'तलं 'चल उड जा रे पंछी'. 'चंपाकली'तलं 'छुप गया कोई रे'. 'मिस मेरी'तलं 'ओ रात के मुसाफिर'. सात सिनेमे, आणि संगीतकार चार: मदनमोहन, सी. रामचंद्र, चित्रगुप्त, हेमंतकुमार.

आता लाज वाटण्यासारखी गोष्ट. या दहांपैकी किती त्यांची आहेत हे मला माहीत होतं? दोन. बाकी मी मदनमोहनची, तलतची, हेमंतदांची म्हणून सांभाळली होती. साहिरचं गाणं ऐकलं की साहिर दिसतो, पहिल्या ओळीला सही असते. राजेंद्र कृष्णांची सही नाही. सी. रामचंद्रांना बडबडगीत पाहिजे, घ्या बडबडगीत. मदनमोहनना गझलेच्या अंगाचं पाहिजे, घ्या. चित्रगुप्तांना घर सोडून जाणाऱ्याचं रडू पाहिजे, तेही घ्या. आपल्याकडे चांगल्या आचाऱ्याचं असंच होतं, पंगत उठताना सगळे यजमानाला नमस्कार करतात.

मुलीला शीटचा फोटो पाठवला. तिचं उत्तर: "विचारलं होतं मी."

२३ सप्टेंबर, सोमवार

'दो आँखें बारह हाथ'. सांगलीत बसून हे गाळणं म्हणजे गुन्हा. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, औंध संस्थानानं कैद्यांसाठी वसवलेली बिनभिंतींची वसाहत, त्यावरून माडगूळकरांनी कथा रचली. माणदेशातलाच माणूस. 'गीतरामायण' पुरं होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शांताराम, वसंत देसाई, माडगूळकर, लता, सगळी मराठी माणसं, आणि शब्द मात्र राजस्थानच्या भरत व्यासांचे. 'छलिये'सुद्धा त्यांचंच. म्हणजे वर्षातलं सर्वांत गाजलेलं 'छलिये' आणि वर्षातलं सर्वांत टिकलेलं 'ऐ मालिक', दोन्ही गाणी एकाच माणसाची. रकान्याने हे दुसरं दाखवलं.

'ऐ मालिक तेरे बंदे हम' आम्ही शाळेत रोज म्हटलं, इतकं की ते सिनेमाचं आहे हे मला सातवीत कळलं. भैरवीत असूनही निरोपाचं वाटत नाही, सकाळी साडेदहाच्या घंटेचं वाटतं. म्हणून आवडतं म्हणायला जीभ अडते, आई आवडते का विचारल्यासारखं. माझी पसंती 'सैंया झूठों का बडा सरताज निकला' ला. खेळणी विकणाऱ्या संध्याचं लटकं भांडण, आणि वसंत देसाईंचा कोकणी नखरा. तरी पहिलंच घेतलं. नियम मोडला, इथे नोंदवून ठेवतो.

त्याच ओघात 'ईना मीना डीका'. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. बाहेर पोरं खेळताना गिनती म्हणत होती, तिच्यावरून मुखडा सुचला, आणि त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात भर घालताना 'माका नाका' हे चक्क कोंकणी आणलं, अशी हकिगत आहे. राजेंद्र कृष्णांच्या नावावरच्या या गाण्यात शब्द किती जणांचे, हा हिशेब शीटमध्ये बसत नाही.

गोव्याचेच दत्ताराम. शंकर-जयकिशनकडे साहाय्यक, त्या वर्षी 'अब दिल्ली दूर नहीं'मधून स्वतंत्र झाले. 'चुन चुन करती आई चिडिया' घेतलं. ढोलकाचा तो ठेका पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

२८ सप्टेंबर, शनिवार

वेळ लावली. वीस गाणी सत्तर मिनिटांच्या आत. तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावतात, त्यामुळे हिशेब सोपा. सिनेमात जादा अंतरे असतात, ते सोडून दिले.

ओ. पी. नय्यरांकडे आलो. 'नया दौर'ला फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. लता मंगेशकरांना न घेता हा माणूस उभा राहिला, आणि आशाबाईंना नायिकेचा पूर्ण सिनेमा दिला. नुसतं 'मांग के साथ तुम्हारा' ऐकावं. टांग्याच्या टापा हाच ताल, आणि त्यावर आशाबाई अशा बसल्यात की लगाम त्यांच्याच हातात. 'नौ दो ग्यारह'मध्येही लताबाई नाहीतच, तिथे सचिनदांनी आशा आणि गीताला घेतलं. हे वर्ष धाकट्या बहिणीचं.

थोरलीचं काय? 'मदर इंडिया'तली बारा गाणी मला एकदम झेपत नाहीत. नौशाद इथे खूप कर्तव्यदक्ष वाटतात. 'दुनिया में हम आये हैं' तेवढं घेतलं, लता, मीना, उषा तिघी बहिणींसाठी.

दिलीपकुमारांनी लताबरोबर गायलेलं 'लागी नाहीं छूटे' घ्यावं की नाही? गातात बरं. पण "बरं" हा निकष नाही. बाहेर.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना, आणि विविध भारतीचा वाढदिवस. ३ ऑक्टोबर १९५७लाच सुरू झाली. सिलोनकडे गेलेले कान परत आणायला सरकारने काढलेलं केंद्र, तेही केसकरांच्याच काळात. सकाळी घट बसवता बसवता लावलं. निवेदिकेनं गाण्याआधी तिन्ही नावं घेतली, गायक, गीतकार, संगीतकार. रेडिओवर गीतकाराचं नाव घेतलं जावं म्हणून आग्रह धरणाऱ्यांत साहिर पुढे होते. त्यांच्या भांडणाचा फायदा राजेंद्र कृष्णांनाही झाला असणार. आम्ही मात्र नाव संपेपर्यंत आवाज वाढवत असतो.

साहिरवरची दहा मिनिटं तीनवर आणली.

६ ऑक्टोबर, रविवार

वहिनींकडे बैठक. बावीस माणसं, ताईला भाच्याने विट्याहून आणलं. पहिल्या तबकडीलाच सुई अडकली, मग ठीक.

दोन गंधार जमले. पेटीवर शुद्ध आणि कोमल दाखवून तलत लावला तर मागून कुणीतरी नुसतं "अरे अरे" म्हणालं. तेवढ्यासाठी सहा आठवडे गेले असं समजतो.

मग खेळ. राजेंद्र कृष्णांची सहा गाणी, नुसते मुखडे, शब्द कुणाचे ओळखा. उत्तरं आली: साहिर, मजरूह, शैलेंद्र, हसरत, पुन्हा साहिर. 'ईना मीना डीका'ला "असल्याला गीतकार लागतो का?" नाव सांगितल्यावर जरा वेळ शांतता. मी बऱ्यापैकी फुशारलो होतो. रकान्याची गोष्ट सांगितली, गीतकारांकडे आपलं कसं दुर्लक्ष होतं वगैरे.

चहानंतर 'यूं तो हमने लाख हसीं देखे हैं' लावलं. 'तुमसा नहीं देखा', नासिर हुसेनचं पहिलं दिग्दर्शन, शम्मी कपूरला सापडलेला सूर, आणि शब्द मजरूह सुलतानपुरींचे, असं सांगून मोकळा झालो. मागच्या खुर्चीवरच्या निवृत्त शिक्षिका बाई शांतपणे म्हणाल्या, "बाकीची मजरूहची. हे एक साहिरचं आहे हो."

घरी येऊन पाहिलं. बाईंचं बरोबर.

'छलिये' शेवटी लावलं. ताई दुसऱ्या अंतऱ्याला माझ्याकडे बघून हसली.

७ ऑक्टोबर, सोमवार

शीट दुरुस्त. मजरूह पाच, साहिर नऊ, राजेंद्र कृष्ण दहा. तबकड्या पुसून फडताळात. सुईची कळ एलपीकडे वळवली आणि त्यावर कागद चिकटवला: "आधी बघ."